केल्विन-इव्हीचं उत्तर चुकतंय? आधी चूक किती पटीची ते काढा

"मॅडम, जर्मेनियमचा बँड गॅप १.५४ येतोय."

"नॅचरल लॉग घेतलास ना?"

वही अजून तिच्या हातातच होती. मी उघडूनही बघितली नव्हती. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी तिची बॅग आधीच तपासून ठेवली होती. त्यात जादू काही नव्हती. जर्मेनियमचा बँड गॅप, म्हणजे बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, ०.६७ इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट). १.५४ ला ०.६७ ने भागलं की २.३ येतात, आणि २.३०३ हा आकडा आमच्या लॅबमध्ये एकाच दारातून आत येतो: दहा पायाचा लॉग घ्यायचा तिथे नॅचरल लॉग घेतला की.

बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला उभी राहते त्याला आता बरीच वर्षं झाली. केल्विनमधलं तापमान इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये न्यायचं किंवा तिथून परत आणायचं, एवढ्याशा कामावर दर वर्षी नवी बॅच अडते, आणि त्याच पानावर अडते. उत्तर चुकलं की मुलं काय करतात? पहिल्या रीडिंगपासून सगळं गणित परत करतात. तीच चूक परत होते, फक्त या वेळी चांगल्या अक्षरात. माझं म्हणणं असं की परत काही करू नका. आलेल्या उत्तराला यायला हव्या होत्या त्या उत्तराने भागा. जी पट येईल ती चुकीचं नाव सांगते. एककांची चूक मन मानेल त्या आकड्यात होत नाही. ती कुठल्या ना कुठल्या स्थिरांकाची, त्याच्या वर्गमुळाची नाहीतर साध्या २ किंवा १.५ ची असते. आणि पट ओळखीची निघालीच नाही, तर गडबड बहुधा एककांत नसून प्रयोगात आहे.

आधी तो एक आकडा

१ इव्ही म्हणजे ११,६०४.५ केल्विन. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराला बोल्ट्झमन स्थिरांकाने भागलं की हा येतो. २० मे २०१९ पासून हे दोन्ही स्थिरांक मोजायचे राहिलेले नाहीत, ते व्याख्येनेच ठरवून टाकलेत: बोल्ट्झमन १.३८०६४९ × १० चा उणे २३ वा घात ज्यूल प्रति केल्विन, आणि प्रभार १.६०२१७६६३४ × १० चा उणे १९ वा घात कूलोम. त्याआधी केल्विन पाण्याच्या त्रिक बिंदूला बांधलेलं होतं. आता ते थेट ऊर्जेलाच बांधलंय. म्हणजे "तापमान इव्हीत कसं काय सांगतात, ती तर ऊर्जा आहे" असं व्हायवाला कुणी विचारलं, तर केल्विनची आजची व्याख्याच ऊर्जेवरून केलेली आहे, हे सांगून मोकळं व्हा.

उलट्या बाजूने, १ केल्विन म्हणजे ०.०८६१७ मिलि-इव्ही. ३०० केल्विनला केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान) २५.८५ मिलि-इव्ही होतो. डायोडच्या सूत्रात जे "२६ मिलिव्होल्ट" डोळे मिटून टाकतात, ते हेच. एकच आकडा पाठ करायचा असेल तर हा करा. बाकी सगळं यावरून त्रैराशिकाने निघतं: ३०० ला २५.८५, तर ३,००० ला २५८.५.

कॅलक्युलेटरच्या चुका

या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या.

पट बरोब्बर १० ची असेल, तर तुम्ही एक्स्पोनंटचं बटण दाबण्याआधी १० टाईप केलेत. ते बटण "गुणिले दहाचा घात" स्वतःच धरतं. त्यामुळे १० टाकून मग बटण आणि मग उणे २३ दाबलं, की तुमचा उणे बावीसावा घात झाला. पायथनमध्ये १-ई-उणे-२३ च्या जागी १०-ई-उणे-२३ लिहिणारे तर एम.एस्सी.लाही भेटतात. गंमत म्हणजे अंश आणि छेद दोन्हीकडे हीच चूक केली की ती आपापसात कटते, उत्तर बरोबर येतं, आणि सवय पक्की होते. पुढे कधीतरी एकाच बाजूला घात असलेलं गणित येतं, तेव्हा हा पोरगा म्हणतो, "मॅडम, नेहमी तर बरोबर यायचं."

पट १० च्या उणे ३८ व्या घाताची असेल, तर कंस विसरलात. १.३८ गुणिले दहाचा घात, भागिले १.६ गुणिले दहाचा घात, हे सलग टाईप केलं की यंत्र शेवटच्या घाताने भागत नाही, गुणतं. ८.६ × १० चा उणे ५ वा घात यायला हवा, तिथे उणे ४३ वा येतो. हे इतकं वेडंवाकडं दिसतं की लगेच पकडलं जातं. म्हणून ही चूक मला आवडते. चूक असावी तर अशी.

बँड गॅपचं पान

आता तो प्रयोग, जिथे बहुतेक सगळ्यांचा पाय घसरतो. जर्मेनियम डायोड रिव्हर्स बायसमध्ये ठेवायचा, ओव्हनमध्ये तापवायचा, प्रत्येक तापमानाला करंट टिपायचा. मग करंटचा लॉग उभ्या अक्षावर, हजार भागिले तापमान आडव्या अक्षावर. सरळ रेष येते. तिचा स्लोप भागिले ५.०३६, झाला बँड गॅप इव्हीमध्ये.

हे ५.०३६ कुठून आलं असं विचारलं की वर्ग एकदम शांत होतो. ते आकाशातून पडलेलं नाही. २.३०३ (लॉगसाठी) गुणिले ०.०८६ (बोल्ट्झमन, मिलि-इव्ही प्रति केल्विनमध्ये, कारण हजार आपण आधीच अक्षावर ठेवलेत) आणि मग त्याचा व्यस्त. आजच्या स्थिरांकांनी ५.०४० येतं. १.३८ आणि १.६ असे ढोबळ आकडे घेतले तर ५.०३५. फरक हजारात एकाचा, त्यावरून एक्स्टर्नलशी वाद घालू नका. पण त्या एका आकड्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात हे माहीत हवं, कारण यातली एकेक गोष्ट निसटली की एकेक पट तयार होते.

नॅचरल लॉग घेऊन ५.०३६ ने भागलं: २.३०३ पट. ती मघाची मुलगी.

आडव्या अक्षावर हजार भागिले तापमान न घेता नुसतं एक भागिले तापमान घेतलं: हजार पट. ६७० इव्हीचा बँड गॅप. असं उत्तर चौकटीत लिहून, खाली दोन रेघा मारून दाखवायला आणलेलं मी स्वतः बघितलंय.

डायोडच्या प्रयोगाला फोर-प्रोबचं (नमुन्यावर चार टोकं टेकवून करायच्या प्रयोगाचं) सूत्र लावलं: दुप्पट, १.३४. डायोडच्या करंटच्या सूत्रात घातांकाखाली केटी असतो. फोर-प्रोबमध्ये रोधकता मोजतो, तिथे दोन केटी. कारण रोधकता वाहकांच्या संख्येवर ठरते आणि तिच्यात बँड गॅपचा निम्माच भाग येतो. दोन्ही प्रयोगांचं नाव जर्नलमध्ये एकच असतं, "बँड गॅप काढणे", म्हणून मित्राच्या जर्नलमधून सूत्र उतरवून घेताना हा २ इकडचा तिकडे जातो. उलट दिशेने गेला तर ०.३३५ येतं. १.३४ ची एक जास्तीची पंचाईत अशी की मुलं म्हणतात, "डायोड सिलिकॉनचा असेल, त्याचा १.१२ असतो, जवळच आलंय." जवळ नाही आलेलं. बरोब्बर दुप्पट आलंय.

आणि सेल्सिअस. ही चूक पटीने पकडता येत नाही, कारण २७३.१५ मिळवायचे असतात, गुणायचे नसतात. पण तिचीही खूण आहे. ३० अंशाला ५ मायक्रोअँपिअर आणि ७० अंशाला सुमारे ९९ मायक्रोअँपिअर करंट आला असं धरा. केल्विनमध्ये हजार भागिले तापमान ३.२९९ वरून २.९१४ वर येतं, म्हणजे ०.३८५ चा फरक. करंटच्या लॉगमधला फरक १.३०. स्लोप ३.३८, बँड गॅप ०.६७, सगळं छान. हेच अंश सेल्सिअस तसेच ठेवले तर आडवा अक्ष ३३.३ वरून १४.३ वर येतो, फरक १९. स्लोप ०.०६८, आणि बँड गॅप ०.०१३५. म्हणजे खोलीच्या तापमानाच्या केटीपेक्षाही कमी! असा पदार्थ सेमीकंडक्टर म्हणून वागलाच नसता. शिवाय ग्राफची रेष सरळ न येता वाकते. रेष वाकली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: "दोनशे त्र्याहत्तर मिळवलेस का?"

याचीच उलटी चूक फरकाच्या बाबतीत होते. तापमानातला ४० अंशांचा फरक म्हणजे ४० केल्विनचाच फरक. त्यात २७३ मिळवून ३१३ करायचे नसतात. ४० केल्विन म्हणजे ३.४५ मिलि-इव्ही. २७ मिलि-इव्ही आले असतील, तर तुम्ही फरकाला तापमान समजलात.

एक गोष्ट एककांची नसूनही इथेच सांगते. चढत्या तापमानाची रीडिंग आणि उतरत्या तापमानाची रीडिंग दोन वेगळ्या रेषांवर पडत असतील, तर थर्मामीटरचा फुगा आणि डायोड एकाच तापमानाला नाहीयेत. तिथे कितीही भागाकार केलेत तरी ओळखीची पट निघणार नाही. ओव्हन हळू तापवा, बस.

दीडपट

"तापमान १२.९ केइव्ही, म्हणजे १२,९०० इव्ही, आहे म्हणजे कणांची सरासरी ऊर्जा १२.९ केइव्ही ना?" नाही. सरासरी गतिज ऊर्जा दीड केटी असते. तापमान इव्हीमध्ये सांगायचा रिवाज नुसत्या केटीचा आहे, दीड केटीचा नाही. हा निव्वळ रिवाज आहे, त्यामागे काही खोल अर्थ शोधू नका. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या संलयन यंत्राचं उद्दिष्ट १५ कोटी अंशांचं आहे. ते ११,६०४.५ ने भागलं की १२.९ केइव्ही येतात. कणांची सरासरी ऊर्जा त्याच्या दीडपट, १९.४ केइव्ही. (इथे सेल्सिअस की केल्विन असा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण १५ कोटींत २७३ कुठे शोधणार?)

न्यूट्रॉनच्या बाबतीत हे जास्त गुंतागुंतीचं होतं. ट्रॉम्ब्याला अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी "औष्णिक न्यूट्रॉन म्हणजे ०.०२५३ इव्ही, २२०० मीटर प्रति सेकंद" हे वाक्य पाठ केलंय. ०.०२५३ गुणिले ११,६०४.५ केलं की २९३.६ केल्विन, म्हणजे २० अंश सेल्सिअसच्या किंचित वर. इथपर्यंत ठीक. पण ही कुठली ऊर्जा? सरासरी नाही. सर्वाधिक संभाव्य वेग असलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा आहे, आणि ती बरोब्बर केटी येते. सर्वाधिक संभाव्य ऊर्जा मात्र अर्धा केटी. सरासरी ऊर्जा दीड केटी, ०.०३८ इव्ही. आणि एखाद्या भोकातून बाहेर पडणाऱ्या झोतातल्या कणांची सरासरी घेतली तर दोन केटी, कारण वेगवान कण भोकापाशी जास्त वेळा पोचतात. "सर्वाधिक संभाव्य वेगाची ऊर्जा" आणि "सर्वाधिक संभाव्य ऊर्जा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीसुद्धा छपाईची चूक समजले होते.

तेव्हा तुमची पट ०.५, १.५, २, ०.६७, १.३३ किंवा ३ यांपैकी असेल, तर स्थिरांक तपासत बसू नका. तुम्ही आणि पुस्तक "ऊर्जा" या शब्दाने वेगवेगळ्या गोष्टी म्हणताय.

१०७.७ दिसलं तर

प्लाझ्माच्या पेपरला येणारी तक्रार. डिबाय लांबीचं (प्लाझ्मात एखाद्या प्रभाराचा परिणाम जेवढ्या अंतरात झाकला जातो त्या अंतराचं) सूत्र दोन रूपांत छापलेलं असतं. तापमान इव्हीमध्ये असेल तर समोरचा गुणक ७,४३४, केल्विनमध्ये असेल तर ६९. (लांबी मीटरमध्ये, इलेक्ट्रॉनची घनता प्रति घनमीटर, आणि तापमान भागिले घनता याचं वर्गमूळ.) घनता १० चा १६ वा घात आणि इलेक्ट्रॉनचं तापमान ३ इव्ही घ्या. ७,४३४ वालं सूत्र ०.१३ मिलिमीटर देतं, ते बरोबर. ३ इव्हीचे आधी ३४,८०० केल्विन केले आणि मग ते ७,४३४ च्याच सूत्रात घातले, तर १३.९ मिलिमीटर. ६९ च्या सूत्रात नुसते ३ टाकले तर १.२ मायक्रोमीटर. दोन्हीकडे पट १०७.७ ची. हे ११,६०४.५ चं वर्गमूळ.

हे वर्गमुळाचं ध्यानात आलं की बाकीचे आकडे आपोआप ओळखता येतात. सूत्रात तापमानाचा दीडवा घात असेल (प्लाझ्माच्या वाहकतेत असतो), तर पट साडेबारा लाखांची. चौथा घात असेल, स्टीफनच्या नियमासारखा, तर १.८ × १० चा १६ वा घात. म्हणून प्रचंड मोठी पट दिसली तर घाबरण्याआधी तिचं वर्गमूळ, घनमूळ, चौथं मूळ काढून बघा. त्यातलं एखादं ११,६०० किंवा १०७.७ च्या घरात निघतं का?

३ इव्ही म्हणजे ३५ हजार केल्विन ऐकल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "मग ट्यूब वितळत कशी नाही?" वर छताकडे बोट दाखवायचं. जुन्या ट्यूबलाइटमधल्या इलेक्ट्रॉनचं तापमान सुमारे १ इव्ही असतं, अकरा-बारा हजार केल्विन, सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुप्पट. काचेला हात लावला तर कोमट. इलेक्ट्रॉन हलके, संख्येने थोडे, आणि आदळले तरी जड अणूंना फारशी ऊर्जा देत नाहीत. एकाच नळीत इलेक्ट्रॉनचं तापमान वेगळं आणि वायूचं वेगळं. रूपांतर बरोबर असतं, आपण ते भलत्याच घटकाला लावलेलं असतं.

रसायनवाले, संगणकवाले, रेडिओवाले

रसायनशास्त्राच्या बाजूने आलेल्यांची पट बहुधा ९६.४८५ ची असते. त्यांची ऊर्जा प्रति मोल, आपली प्रति कण. १ इव्ही म्हणजे ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल, किंवा २३.०६ किलोकॅलरी प्रति मोल. ५० किलोज्यूलची सक्रियण ऊर्जा म्हणजे ०.५२ इव्ही. पट ४.१८४ आली तर ज्यूल-कॅलरी. ८.३१४ आली तर वायू स्थिरांकाने भागायचं राहिलं. ०.००८३१४ आली तर ते राहिलंच, वर किलोज्यूलचे ज्यूल करायचेही राहिलेत.

घनता-फलनाची (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनची संगणकावर करायची) गणितं चालवणाऱ्यांना १३.६ (१ रिडबर्ग म्हणजे इतके इव्ही) आणि २७.२ (१ हार्ट्री) या पटी भेटतात. क्वांटम एस्प्रेसो या प्रोग्रॅममध्ये स्मिअरिंगची (इलेक्ट्रॉनची पातळ्यांतली वाटणी थोडी पसरवण्याची) रुंदी रिडबर्गमध्ये द्यायची, व्हॅस्प या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये इव्हीत. ०.२ हा आकडा व्हॅस्पमध्ये चालून जातो, पण तोच उचलून एस्प्रेसोच्या फाइलमध्ये टाकला तर २.७ इव्ही झाले, म्हणजे ३१,६०० केल्विन. फर्मी-डिरॅकचं स्मिअरिंग असेल तर तुम्ही खरोखरच तेवढ्या तापलेल्या इलेक्ट्रॉनचं गणित करताय. बाकीच्या पद्धतींत ती रुंदी म्हणजे आकडे लवकर स्थिरावण्यासाठीची युक्ती आहे, तिचं केल्विन करून पेपरमध्ये "तापमान" म्हणून छापू नये. ३०० केल्विन हवेच असतील तर ०.००१९ रिडबर्ग.

वारंवारता घेऊन येणाऱ्यांसाठी: १ केल्विन म्हणजे २०.८४ गिगाहर्ट्झ. नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर ऐकत असते, तेव्हा तिथल्या एका फोटॉनची ऊर्जा ०.०२९ केल्विनइतकीच भरते. आकाशातला कुठलाही गोंगाट त्याहून कितीतरी गरम, म्हणून रेडिओवाले बिनदिक्कत सगळं तापमानात सांगतात. ५ गिगाहर्ट्झचा क्युबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) म्हणजे ०.२४ केल्विन. तुमचं ०.०३८ येत असेल तर पट ६.२८ ची आहे. कुठेतरी प्लांकचा साधा स्थिरांक हवा होता तिथे २π ने भागलेला वापरलात. वर्णपटवाल्यांनी १ प्रति सेंटिमीटर म्हणजे १.४४ केल्विन एवढं लिहून ठेवावं, आणि पट १०० ची आली तर मीटर-सेंटिमीटर बघावं.

रूपांतर बरोबर, निष्कर्ष चूक

एक वेगळ्याच जातीची तक्रार. "हायड्रोजनची आयनीभवन ऊर्जा १३.६ इव्ही, म्हणजे १,५७,८०० केल्विन. मग पुस्तकात विश्वातला हायड्रोजन ३,००० केल्विनलाच तटस्थ झाला असं का लिहिलंय? त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा होता." भागाकार बिनचूक आहे. पण ऊर्जेला बोल्ट्झमनने भागून आलेला आकडा म्हणजे "ती गोष्ट घडण्याचं तापमान" नव्हे. ते फक्त त्या ऊर्जेचं केल्विनमधलं नाव आहे. आयनीभवन किती होईल हे घातांकावर तर ठरतंच, शिवाय मोकळ्या झालेल्या इलेक्ट्रॉनला किती जागा उपलब्ध आहे यावरही ठरतं. वायू विरळ असेल तर सुटलेला इलेक्ट्रॉन परत भेटणं अवघड, म्हणून कमी तापमानालाही आयन टिकून राहतात. हेच मेघनाद साहांनी १९२० मध्ये सूर्याच्या वर्णावरणावरच्या पेपरात समीकरण म्हणून मांडलं, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा व्हायला लागला.

३,००० केल्विन म्हणजे ०.२६ इव्ही. १३.६ च्या बावन्नाव्या हिश्शाला सगळा खेळ संपतो. पन्नासच्या आसपासची अशी बेनाव पट आली आणि समोर आयनीभवन असेल, तर एककांत चूक शोधू नका. साहांचं समीकरण उघडा.

यायला हवं ते उत्तरच माहीत नसेल तर

हा प्रश्न रास्त आहे. भागायला खालचा आकडाच नाही. मग तो आपण बनवायचा. तुमचं सूत्र, तुमचा एक्सेल शीट, तुमचा प्रोग्रॅम, जे काही असेल त्यात खरी रीडिंग घालण्याआधी खोटी घाला, जिचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. डायोडसाठी वर दिलेली जोडी वापरा: ३० अंशाला ५.०० आणि ७० अंशाला ९९.४ मायक्रोअँपिअर. ०.६७ आलंच पाहिजे, ०.६६ किंवा ०.६८ नाही, कारण यात प्रयोगाची कसली चूकच नाहीये. फोर-प्रोबसाठी त्याच दोन तापमानांना रोधकता २०.० आणि ४.४९ ओहम-सेंटिमीटर. तिथेही ०.६७.

हे मी आता दर बॅचला पहिल्या तासाला करायला लावते, त्याला कारण एक जर्नल आहे. फोर-प्रोबचा प्रयोग, नमुना जर्मेनियमचा, उत्तर ०.७७. खाली लिहिलेलं: "प्रायोगिक त्रुटी १५ टक्के." शेजारी लाल शाईत माझीच सही. खऱ्या रीडिंगचं ०.७२-०.७३ आलं तरी मी कधी काही म्हणत नाही, त्यामुळे ०.७७ वर डोळा अडकला नाही. पुढच्या वर्षी तेच जर्नल उतरवून घेतलेल्या दुसऱ्या मुलाचं ०.७७ आलं, तिसऱ्याचं ०.७८. तेव्हा कुठे मी पट काढली. १.१५. स्थिरांकांच्या कुठल्याही यादीत १.१५ नाही. बराच वेळ बसले. मग २.३०३ भागिले २ करून बघितलं.

त्या मुलाने नॅचरल लॉग घेतला होता आणि वर २.३०३ ने गुणलंही होतं. शिवाय दोन केटीच्या जागी डायोडवाला एक केटी वापरला होता. एक चूक उत्तर सव्वादोनपटीच्या वर नेत होती, दुसरी निम्म्यावर आणत होती, आणि दोघींचं भांडण मिटून जे उरलं त्याला आम्ही दोघांनी मिळून प्रायोगिक त्रुटी असं नाव दिलं होतं. तिसऱ्या मुलाला बोलावलं, वरची २०.० आणि ४.४९ ची जोडी दिली आणि माझ्यासमोर गणित करायला सांगितलं. ०.७७ आलं.

"मॅडम, पण यात तर रीडिंग तुम्हीच दिलीत," तो म्हणाला. "मग त्रुटी कुणाची?"